चार फुटी रीफ टँकमध्ये एंजेल मासा: कोणता चालेल, कोणता नाही

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे चार बाय दोन बाय दोन फुटांचा समुद्री रीफ टँक (माशांसोबत जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ वाढवलेला टँक) आहे, दीडेक वर्षं नीट चाललेला. आत क्लाउनफिशची जोडी, दोन गोबी. कोरलमध्ये एक मोठं लेदर, मशरूमचे गुच्छ, थोडं झेनिया आणि त्यांची खास आवड म्हणजे झोअँथिडच्या (बटणांएवढ्या, फुलासारख्या मऊ कोरलच्या) रंगीत वसाहती. पुण्यातल्या एका दुकानात त्यांनी एम्परर एंजेलचं पिल्लू बघितलं, निळ्या-काळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असलेलं. लहान असताना तो कोरलला हात लावत नाही, असं दुकानदाराचं म्हणणं. तर हा घ्यावा का, नाही तर कोरल ब्यूटी हा बुटका एंजेल घ्यावा, की कोरल आहेत तोवर एंजेलचा विचारच सोडून द्यावा?

ताई, एम्परर घेऊ नका. कोरल ब्यूटी एकच घेता येईल, पण झोअँथिडपैकी एखाद्या वसाहतीवर पाणी सोडायची तयारी असेल तरच. आणि एंजेल हवा पण कोरलला चोच लागता कामा नये असं असेल, तर जेनिकँथस या एंजेलच्याच गटातला एखादा मासा बघा. आता यामागची कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसत्या यादीवर विश्वास ठेवून एंजेल घेणाऱ्यांची फसगत मी पुष्कळ बघितली आहे.

एंजेल म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे गोड्या पाण्यातला उंच पंखांचा चपटा मासा येतो. तो सिक्लिड, दक्षिण अमेरिकेतला. समुद्री एंजेलचं कुळ वेगळं, पोमाकँथिडी. ओळखायची खूण एकच, कल्ल्याच्या झाकणाखाली गालावर मागे वळलेला अणकुचीदार काटा. बटरफ्लाय मासे दिसायला जवळचे, पण त्यांना हा काटा नसतो. हा काटा लक्षात ठेवा, पुढे मासा पकडताना त्याचा संबंध येणार आहे.

हे मासे कोरलला का टोचतात, ते त्यांच्या रोजच्या खाण्यातून कळतं. एम्परर, ब्लू रिंग, कोरान हे मोठे एंजेल समुद्रात मुख्यतः स्पंज आणि खडकाला चिकटलेले मऊ जीव ओरबाडून खातात. त्यांचा जबडा त्याच कामासाठी घडलेला. कोरल ब्यूटी, फ्लेम, बायकलर हे सेंट्रोपायजी गटातले बुटके एंजेल खडकावरचं शेवाळ, त्यातले बारीक किडे आणि साचलेला गाळ दिवसभर टिपत असतात. म्हणजे कोरल हे यांचं मुख्य अन्न नव्हेच. पण टिपत टिपत जाताना वाटेत मांसल, चिकट काही लागलं की एक टोचा मारून बघतात. कोरलच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाची चव लागली की तिथेच परत येतात. झोअँथिड आणि मोठ्या मांसल तोंडांचे कोरल याच कारणाने आधी बळी पडतात. लेदर आणि मशरूम बहुतेक वाचतात, कारण लेदरच्या अंगात माशांना नकोशी रसायनं असतात. जेनिकँथसची तऱ्हा अगदी निराळी. तो खडकाकडे तोंड करून खात नाही, मधल्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतो, त्यामुळे कोरलशी त्याचं भांडण जवळजवळ नसतं.

हे समजलं की दुकानदाराच्या बोलण्यातला अर्धा खरेपणा कळतो. एम्पररचं पिल्लू लहान असताना कमी नुकसान करतं, हे खरं. पण ते पिल्लू राहत नाही. हा मासा 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तुमच्या टँकची जी रुंदी आहे तिच्या दोन-तृतीयांश लांबीचा मासा. 8 ते 12 सेंटीमीटरच्या आसपास पांढरी वर्तुळं विरू लागतात आणि निळ्यावर पिवळे आडवे पट्टे उमटतात. तुम्हाला आवडलेलं रूप तर जातंच, सोबत त्याची भूक आणि दादागिरीही वाढते. चार बाय दोन बाय दोन म्हणजे साडेचारशे लिटर, दगड-वाळू वजा जाता पावणेचारशेच्या आसपास. एम्पररला याच्या निदान दुप्पट पाणी आणि सहा-सात फूट लांबी पाहिजे. कोंडलेल्या मोठ्या एंजेलच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर खड्डे पडलेले मी बघितले आहेत. ते बघवत नाही. तेव्हा 'मोठा झाल्यावर बघू' म्हणून हा मासा घेऊ नये.

आता कोरल ब्यूटी. हा 10 सेंटीमीटरच्या आत राहतो, तुमच्या टँकला अगदी योग्य. जांभळ्या अंगावर केशरी छटा, आणि दर माशाची छटा वेगळी. स्वभावही दर माशाचा वेगळा, आणि खरी अडचण तीच. एकाच जातीचे दोन मासे घ्या, एक वर्षानुवर्षं झोअँथिडच्या बाजूने निघून जाईल, दुसरा पहिल्याच आठवड्यात टोचायला लागेल. सहा महिने शहाण्यासारखा वागून मग बिघडणारेही असतात. म्हणून पुस्तकात किंवा दुकानात कुणी 'हा रीफसाठी सुरक्षित' म्हटलं तर ते त्या जातीबद्दलचं सरासरी मत समजा. तुमच्या टँकमध्ये येणारा मासा ते मानेलच असं नाही. सेंट्रोपायजीमध्येही बायकलर जास्त धोक्याचा. कोरल ब्यूटी आणि फ्लेम त्यामानाने बरे. आणि एका चार फुटी टँकमध्ये या गटातला एकच मासा. दोन ठेवले तर कमजोर मासा कोपऱ्यात दबून मरतो.

अंदमान-श्रीलंकेकडे मिळणारा आयब्लचा एंजेल दुकानात दिसला तर एक गंमत ध्यानात ठेवा. एका जातीच्या सर्जनफिशचं पिल्लू हुबेहूब त्याच्यासारखं दिसतं, रंग आणि पट्टे दोन्ही तसेच. गालाचा काटा बघा, काटा नसेल तर तो एंजेल नव्हे. ते पिल्लू पुढे 20-25 सेंटीमीटरचं होतं.

जेनिकँथसमध्ये तुमच्या टँकला बेलस, वातानाबेई किंवा मेलानोस्पायलस बसतील, तेही एकच. लामार्क 23 सेंटीमीटरपर्यंत जातो आणि सतत पोहत राहतो, चार फुटांत त्याला जागा कमी पडते. हे मासे दुकानात क्वचित येतात, सांगून ठेवावं लागतं. यांच्यात एक गोष्ट फार सुंदर आहे. सगळे मादी म्हणून मोठे होतात आणि गटातला नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते. नर आणि मादी यांचे रंग इतके वेगळे की दोन जाती वाटाव्यात. पण हे खोल पाण्यातून वर काढलेले मासे असतात. वर आणताना घाई झाली असेल तर त्यांची हवेची पिशवी बिघडते. दुकानात मासा डोकं खाली करून पोहत असेल, शेपटी वर उचलली जात असेल किंवा तळाशी राहायला धडपडत असेल तर रंग कितीही मोहक असो, घेऊ नका. शिवाय हे उड्या मारतात. टँकवर जाळीचं झाकण आधी, मासा नंतर.

दुकानात मासा तुमच्यासमोर खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हा नियम सगळ्या समुद्री माशांना आहे, एंजेलला दुप्पट. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे सायनाइडने मासे पकडण्याचे प्रकार अजून होतात. असा मासा दिसायला ठणठणीत असतो आणि काही दिवसांत अचानक जातो. पोट आत गेलेलं, पाठ धारेसारखी झालेली दिसली तर सोडून द्या. शक्य असेल तर दुकानदाराला आठवडाभर राखून ठेवायला सांगा. टिकला तर न्या.

पुण्या-मुंबईहून किंवा बंगळूरहून मासा रात्रीच्या गाडीने हायवेवरून निपाणीला उतरतो, तोवर पिशवीत आठ-दहा तास गेलेले असतात. एवढ्या वेळात माशाच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेला मासा उघड्या पिशवीत दोन-दोन तास थेंबथेंब पाणी सोडत बसवू नका. बंद पिशवी टँकवर वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. दुकानदाराकडून त्याच्या पाण्याची क्षारता आधी विचारून क्वारंटाइन टँक (नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायचा टँक) त्याच आकड्यावर ठेवा आणि पिशवी उघडल्या उघडल्या मासा हलवा. पिशवीतलं पाणी आत ओतू नका. आणि जाळीने पकडू नका. गालाचा काटा जाळीत अडकतो, सोडवताना काटा मोडतो किंवा कल्ला फाटतो. त्यासाठी प्लास्टिकचं पारदर्शक भांडं वापरा. मासा भांड्यात आपोआप शिरतो, दोन हात लागतात एवढंच.

क्वारंटाइनशिवाय एंजेल रीफमध्ये टाकू नका. यावर मी हट्टाने बोलतो, कारण रीफमध्ये एकदा रोग शिरला की औषध टाकता येत नाही. पांढरे ठिपके आणि व्हेल्व्हेट हे परजीवींचे रोग, दोन्हींवर कॉपर (तांब्याचं औषध) चालतं, पण कॉपर कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. मग सगळे मासे बाहेर काढून, परजीवी मरेपर्यंत टँक माशांविना ठेवावा लागतो. छंदातले लोक त्यासाठी 76 दिवस धरतात. त्यापेक्षा दोन फुटी काचेचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढं चार ते सहा आठवडे चालवणं सोपं. आधी माशाला खायची सवय लागू द्या, मगच कॉपर. चिलेटेड कॉपर 2 ते 2.5 पीपीएमपर्यंत चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा, रोज टेस्ट करून. बुटके एंजेल कॉपरला नाजूक, एकदम चढवलं की खाणं सोडतात.

एंजेलवर फ्लूक नावाचे चपटे परजीवी फार वेळा असतात, आणि खाऱ्या पाण्यात ते पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. मासा दगडाला अंग घासतो, डोळा धुरकट होतो, एका कल्ल्याने श्वास घेतो, एवढंच कळतं. त्यासाठी गोड्या पाण्याची आंघोळ घालायची. काळ्या बादलीत आरओचं पाणी घ्या, टँकएवढंच तापमान, चिमूटभर खायच्या सोड्याने पीएच सारखा केलेला, एअर स्टोन अर्धा तास आधीपासून चालू. मासा चार-पाच मिनिटं त्यात ठेवा आणि नजर हटवू नका. तो आडवा पडला किंवा भरकटला तर लगेच बाहेर. फ्लूक असतील तर गोड्या पाण्यात ते पांढरे होतात आणि तिळासारखे दाणे बादलीच्या काळ्या तळावर पडलेले स्पष्ट दिसतात. एकदा हे बघितलं की क्वारंटाइनवर कुणी वाद घालत नाही. तीळ दिसले तर पुढे प्राझिक्वांटेल या जंतनाशकाचा कोर्स पूर्ण करा, नुसत्या आंघोळीने अंडी जात नाहीत.

क्वारंटाइनमध्येच खाण्याची शिस्त लावून घ्या. एंजेल एकदा पोटभर जेवून बसणारा मासा नाही. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), चांगल्या गोळ्या, आठवड्यात दोन-तीनदा स्पंज मिसळलेलं एंजेलचं फ्रोझन खाद्य. आणि क्लिपला लावलेलं नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), बिनमिठाचं, बिनतेलाचं. सुशीसाठी मिळणारं चालतं, फक्त चव लावलेलं नको. पोट भरलेला मासा कमी टोचतो, एवढं खात्रीने सांगतो. टोचतच नाही, असं सांगू शकत नाही. खाद्य वाढलं की नायट्रेट-फॉस्फेट वाढणारच, तेव्हा स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप साफ करणं आणि पाणी बदलणं वेळच्या वेळी झालं पाहिजे. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या आत राहिलं तर मऊ कोरल खूश असतात. सगळं शून्यावर आणायच्या नादी लागू नका, झोअँथिड उलट आक्रसतात. जत्रेला, लग्नाला गावी जाताना ऑटो फीडर लावून जा. क्लाउनफिश दोन दिवस उपाशी राहिली तर काही बिघडत नाही, एंजेल मात्र त्या दोन दिवसांत कोरल चाखायला शिकतो.

टँकमध्ये एंजेल सर्वांत शेवटी. कोरल आधी बसलेले, पसरलेले, दगडावर शेवाळाचा पातळ थर आलेला. नवीन चकचकीत टँकमध्ये त्याला टिपायला काहीच नसतं, मग तो कोरलकडे वळतो. तुमचा टँक दीड वर्षाचा आहे, ही जमेची बाजू. पहिले दोन-तीन दिवस जाळीच्या खोक्यात ठेवा म्हणजे क्लाउनफिशही सवयीची होते.

मग एखादी वसाहत बंद दिसली तर लगेच एंजेलला दोषी धरू नका. छिद्रांची प्लास्टिकची टोपली त्या कोरलवर उपडी घाला आणि तीन-चार दिवस ठेवा. आत कोरल नेहमीसारखं उघडलं तर मासा टोचतोय. टोपलीतही बंदच राहिलं तर पाणी, प्रवाह किंवा प्रकाशात कारण शोधा. मासाच असेल तर खात्रीचा उपाय तो बाहेर काढणं. दगडांतून एंजेल पकडायला पिंजरा लावा, आत नोरी, दार उघडं. मासा निवांत आत-बाहेर करू लागला की एक दिवस दार पाडा. धसमुसळेपणाने दगड हलवू नका. हलवावेच लागले तर हातमोजे घाला. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, हाताला जखम असेल किंवा डोळ्यात पाणी उडालं तर दवाखाना गाठावा लागतो. दगडावरचे झोअँथिड काढायला उकळतं पाणी ओतायचं तर कधीच नाही, वाफेतूनही ते अंगात जातं.

आपल्या भागाचं थोडं. पाणी नळाचं असो, बोअरचं असो, बेळगावात राकसकोप जलाशयाचं असो, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) लावून बघा आणि आरओ-डीआय फिल्टरमधून शून्यावर आणूनच मीठ मिसळा. क्षारता (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) 1.025. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणणारे मित्र आहेत, त्यांना मी मोडता घालतो. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला येऊन क्षारता उतरते, आणि बंदराजवळ तेल काय नि मैला काय, चाचणी कोण करतंय? पाकिटातलं समुद्री मीठ महाग वाटतं पण बिनघोर असतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 35 च्या पुढे जातो. टँक 24 ते 27 अंशांत ठेवायचा तर पाण्यावर पंखा आणि आटलेल्या पाण्याची भरपाई करणारं ऑटो टॉप-अप लागतं. त्याच दिवसांत वळवाचा पाऊस झोडपतो आणि लाईट जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात पंप बंद. एंजेल मोठ्या अंगाचा, सतत फिरणारा, तो क्लाउनच्या आधी पृष्ठभागावर धापा टाकतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप आणि इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप), इतकी सोय मासा घ्यायच्या आधी पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये उलट त्रास. संततधारेत दारं-खिडक्या दिवसेंदिवस बंद, घरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टँकचा पीएच 7.8 च्या खाली येतो. लोक बाटलीतलं बफर (पीएच वाढवायचं द्रावण) ओतत राहतात आणि अल्कलिनिटी नको तितकी चढवून बसतात. आधी टँकच्या खोलीची खिडकी बोटभर उघडून बघा. खानापूरकडे तर पावसाळाभर हेच औषध. हिवाळ्यात रात्री पारा 15 च्या खाली जातो तेव्हा हीटर एकाऐवजी दोन, निम्म्या निम्म्या वॅटचे.

शेवटचा मुद्दा ताईंनी विचारलेला नाही, पण झोअँथिड गेले तर त्या जागी ब्रेन कोरल लावू असं त्यांनी ओघात लिहिलंय. आपल्या समुद्रातले सगळे दगडी कोरल, सी फॅन, फायर कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्या बरोबरीने. समुद्रातून काढलेला कोरलचा दगड विकणं-घेणंही त्यातच. बाहेर देशातून येणाऱ्या दगडी कोरललाही साइट्सची (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात, ती नुसती तोंडी नव्हे, हातात बघा. कागद नाही तर कोरल नाही. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे पाण्यात मुखवटा लावून उतरलात की आपल्याच किनाऱ्यावरचे कोरल जागच्या जागी बघायला मिळतात. टँकसाठी लेदर, मशरूम, झोअँथिड आणि सिरॅमिकचे दगड एवढ्यात सुंदर रीफ उभा राहतो, आणि कोरल ब्यूटीला त्यातले लेदर-मशरूम सहसा रुचत नाहीत, हा वरचा फायदा.

तेव्हा ताई, आधी क्वारंटाइनचा टँक लावा, तो महिनाभर चालू द्या. तोवर दुकानदाराला कोरल ब्यूटी किंवा बेलस सांगून ठेवा आणि एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: मासा टोचू लागला तर तो परत घेणार का? हो म्हणाला तर सौदा करा.